जास्त टॉर्कचे बोल्ट आणि साठीनंतरचे हात: घरी इंजिनचं काम करणाऱ्यांसाठी धागा

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. रिटायर झाल्यावर स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणारे इथे बरेच आहेत. ऑइल, ब्रेक, टायमिंग बेल्ट, सगळं जमतं, पण मग एक टप्पा असा येतो की माहिती असते, हत्यार असतं, आणि खांदाच नाही म्हणतो. क्रँक पुलीचा (इंजिनच्या मुख्य दांड्यावर बसणाऱ्या पुलीचा) मधला बोल्ट, फ्लायव्हीलचे बोल्ट, हेडचे बोल्ट, पुढच्या हबचा नट. हे कसताना माझ्या ओळखीत एकाची कंबर धरली, एकाचा खांदा कायमचा दुखरा झाला. त्यावर मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून हा धागा. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा कंपनीवर जाईल.

आधी हिशोब करू, कारण अर्धी भीती हिशोबानेच जाते. समजा मॅन्युअलमध्ये क्रँक पुलीच्या बोल्टला १८० न्यूटन मीटर दिलंय. टॉर्क म्हणजे जोर गुणिले हँडलची लांबी, बस. अर्ध्या मीटरच्या टॉर्क रेंचने (किती टॉर्क दिला ते मोजणारा पाना) १८० हवे असतील तर हाताला ३६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३७ किलोचा ओढा द्यावा लागणार. तोही आडवा, चाकाच्या खाचेत वाकून, पायाखाली सोसायटीच्या पार्किंगची गुळगुळीत लादी. तिशीत आपण हे विचार न करता करतो. पासष्टीत करू नये, आणि करायची गरजही नाही. तोच १८० एक मीटरच्या रेंचने १८ किलोत होतो. १ ला ३ चा टॉर्क मल्टिप्लायर (आतल्या गिअरने टॉर्क वाढवणारं हत्यार) असेल तर रेंचवर फक्त ६० लागतात, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या हँडलवर साधारण १५ किलो.

माझं म्हणणं एवढंच आहे की वय झालं की कामाची मांडणीच अशी करायची की हाताला १५ किलोच्या वर ओढावंच लागू नये. हा १५ चा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या शरीराचा आहे, तुमचा १० असेल किंवा २० असेल. पण तो काम सुरू करण्याआधी ठरलेला हवा, आणि हिशोब त्याच्या वर गेला तर जोर वाढवायचा नाही, लांबी वाढवायची, गिअर लावायचा, नाहीतर दुसऱ्या माणसाला हाक मारायची.

आणखी एक. खोलणं आणि कसणं ही दोन वेगळी कामं आहेत. खोलताना फक्त सुटायला हवं, मोजायचं काही नसतं, तिथे लांब दांडा, पाइप, गन, गंजावर तेल टाकून रात्रभर ठेवणं, सगळं चालतं. कसताना माप हवं. खोलायच्या सवयीने कसायला गेलं की आटे (बोल्टचे थ्रेड) जातात नाहीतर माणूस जातो.

तुम्ही कसं करता ते लिहा.

खोपटचा_फोरमन

उत्तम विषय काढलात साहेब. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी काढली, त्यामुळे मोठे नट बोल्ट म्हणजे रोजचं काम. दोन गोष्टी सांगतो ज्या आम्ही नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात सांगायचो.

पहिली, रेंच आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलताना गोटी (सॉकेट) निसटली तर आख्खं वजन पुढे जातं, बोटांची हाडं आधी लोखंडाला आपटतात आणि मग तोंड. ओढताना निसटली तर मागे जाल, म्हणून मागे काय आहे ते आधी बघून ठेवा, जॅकचा दांडा, पेटी, पायरी काही नको. जागेअभावी ढकलावंच लागलं तर मूठ उघडी, तळहाताने, बोटं न वळवता.

दुसरी, शेवटचा टप्पा एका ओढीत. बोल्ट थांबला की तो जागेवर धरतो, त्याला परत हलवायला जास्त जोर लागतो. टॉर्क रेंच लावलेला आकडा आला की क्लिक करतो. म्हणजे क्लिक व्हायच्या जरा आधी तुम्ही थांबलात, दम खाल्लात आणि परत ओढलंत, तर बोल्ट हलायच्या आधीच रेंच क्लिक करेल आणि तुम्हाला वाटेल झालं. झालेलं नसतं. म्हणून हँडल कुठून सुरू होईल आणि कुठे संपेल ते आधी कोरडं फिरवून बघा, रॅचेटचे दात मागे घेऊन अशी जागा पकडा की शेवटची ओढ मोकळी, संथ आणि सलग मिळेल. मध्येच थांबलातच तर अर्धा वेढा ढिला करून परत एका ओढीत आणा. (अँगलवाल्या बोल्टला हे करायचं नाही, ते वेगळं प्रकरण.)

आणि क्लिक झाला की थांबा. खात्रीसाठी म्हणून दुसरा क्लिक, तिसरा क्लिक करणारे लोक मी आयुष्यभर बघितले. प्रत्येक जादा क्लिकला बोल्ट थोडा पुढे जाऊ शकतो.

घोडबंदर_रायडर

काका लोक, एवढं कशाला, बॅटरीची इम्पॅक्ट गन घ्या ना. खांद्याला काही त्रास नाही, ट्रर्र केलं की झालं.

कळवा_खाडी

दादा, खोलायला गन एक नंबर, माझ्याकडेही आहे. पण कसायला नको. गन किती टॉर्क देते ते बॅटरी किती भरलीय, गोटी किती ढिली आहे, एक्स्टेन्शन किती लांब आहे यावर बदलतं, डब्यावर छापलेला आकडा हा जास्तीत जास्तचा असतो. एका गॅरेजने माझ्या गाडीचा हब नट गननेच कसून दिला होता, पुढच्या वेळी खोलताना एक्सलच्या आट्यांसकट आला. गनने कसायचं तर हलक्या सेटिंगवर फक्त बोल्ट बसेपर्यंत, तेही आधी चार वेढे बोटांनी फिरवून, आणि शेवट टॉर्क रेंचने हातानेच.

हो, गनवर काळी इम्पॅक्ट गोटीच लावा. चकचकीत क्रोमची गोटी गनवर फुटून तुकडा उडतो, डोळ्याला चष्मा हवाच. आणि सहा कोनीच घ्या, बारा कोनीची पकड कोपऱ्यावर असते, जास्त जोराला ती बोल्टचं डोकं गोल करते.

रबाळे_टूलरूम

पाचपाखाडीकर काका, हिशोब अगदी बरोबर. टॉर्क रेंचला पाइप लावण्याबद्दल थोडं लिहितो कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

क्लिकवाल्या रेंचच्या आत डोक्याजवळ एक सांधा असतो, स्प्रिंग त्या सांध्यावरचा मोमेंट मोजते, बोल्टवरचा नाही. कंपनीने तो हँडलच्या मधोमध हात धरून सेट केलेला असतो. तुम्ही पाइप घालून हात लांब नेला की दोघांचं प्रमाण बदलतं आणि रेंच थोडा आधीच क्लिक करतो, म्हणजे बोल्ट कमी कसला जातो. फरक थोडा असतो पण असतो, वर रॅचेटवर नको तसा भार येतो. लांब हवा असेल तर लांबच रेंच घ्या, पाऊण इंची चौकटीचा. अर्ध्या इंचीचा २०० पर्यंत जाणारा रेंच १८० ला लावणं म्हणजे तो पण शेवटाला आणि तुम्ही पण शेवटाला.

साधा सरळ सॉकेट एक्स्टेन्शन लावला तर सेटिंग बदलत नाही, तो फक्त उंची वाढवतो. मात्र रेंचच्या रेषेत पुढे कावळेपाना (क्रोफूट, रेंचच्या टोकाला जोडायचा उघड्या तोंडाचा पाना) लावलात तर लांबी वाढते आणि हिशोब करावा लागतो: हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक कावळेपान्याची लांबी. तोच काटकोनात लावला तर सेटिंग जवळजवळ तीच राहते. युनिव्हर्सल जॉइंट वाकवून मात्र जास्त टॉर्क देऊच नका.

मल्टिप्लायरबद्दल. आत ग्रहमालेसारखे गिअर असतात, तुम्ही जास्त फिरवता, तो कमी फिरतो पण जास्त जोराने. फुकट काही मिळत नाही, बोल्ट ९०° फिरवायचा तर १ ला ३ मध्ये हँडल २७०° फिरवावं लागेल. गिअरमध्ये थोडा जोर वाया पण जातो, म्हणून बरोबर ३ ने भागू नका, त्या हत्याराच्या कागदावर जो खरा गुणक किंवा तक्ता दिलाय तोच धरा.

आणि त्याला एक आधाराचा पाय असतो, कुठल्यातरी घट्ट भागाला टेकणारा. लोक तिथे बोट ठेवतात!! हिशोब बघा, १८० बाहेर पडतात, ६० तुम्ही देता, उरलेले १२० त्या पायावर येतात. पाय २० सेंटीमीटरचा असेल तर टोकाला ६०० न्यूटन म्हणजे ६० किलोच्या वर दाब. तुम्हाला हँडलवर १५ किलोच जाणवतंय आणि तिकडे बोट चिरडतंय. पाय आधी नीट टेकवा, पहिला ताण येईपर्यंत हळू, मग दोन्ही हात हँडलवरच. ॲल्युमिनियमचं कव्हर, सम्प, पाइप यांना तो टेकवायचा नाही, सबफ्रेमसारखं जाड लोखंड शोधा.

पाचपाखाडीकर

व्वा, बोटाचा मुद्दा फार महत्त्वाचा लिहिलात. मी माझ्या मल्टिप्लायरच्या त्या पायाला लाल रंग मारून ठेवलाय. लाल दिसलं की हात तिकडे जात नाही.

अजून एक जोडतो. तुम्ही बोल्टला १८० देता तेव्हा क्रँकला धरून ठेवणाऱ्यालाही तेवढंच झेलावं लागतं. गिअरमध्ये टाकून कोणीतरी ब्रेक दाबायचा ही आपली जुनी पद्धत, चालते, पण मधल्या सगळ्या दातांचा ढिलेपणा आणि इंजिन माउंटचा रबर आधी पिळतो, त्यामुळे ओढ सलग येत नाही, फोरमन साहेब म्हणतात तो शेवटचा टप्पा बिघडतो. पुली धरायचं होल्डर किंवा फ्लायव्हील लॉक असेल तर काम निम्मं सोपं होतं. ऑटोमॅटिक गाडीत तर गिअरचा उपायच नाही. आणि खोलायला दांडा अडकवून स्टार्टर मारण्याचा प्रकार कृपा करून कोणी करू नका.

नेरूळची_फिजिओ

मी गाडीतली नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, बाबांमुळे हा धागा वाचला आणि लिहावंसं वाटलं.

वयाबरोबर खांद्याचे स्नायूबंध, ज्याला रोटेटर कफ म्हणतात, ते झिजतात, आणि बऱ्याच जणांना तिथे आधीच छोटी फाट असते पण दुखत नसतं म्हणून माहीत नसतं. अशा खांद्याला सगळ्यात वाईट काय तर हात लांब पसरून किंवा डोक्याच्या वर नेऊन दिलेला झटका. जड वजनापेक्षा हिसका वाईट. जाम बोल्ट एकदम सुटतो ना, तो क्षण.

त्यामुळे कोपर वाकलेलं आणि बरगड्यांच्या जवळ ठेवा, हँडल छातीसमोर. ओढायचं ते हाताने नाही, पायाने आणि अंगाच्या वजनाने, एक पाय पुढे एक मागे, गुडघे थोडे वाकलेले, कमरेतून पीळ न देता. खाली बसून काम असेल तर उकिडवे बसू नका, बुटका स्टूल घ्या, दोन्ही पाय जमिनीला घट्ट. उकिडवे बसून ओढताना तोल गेला की माणूस हातावर पडतो आणि मनगट मोडतं, असे पेशंट येतात माझ्याकडे.

श्वास! जोर लावताना लोक श्वास कोंडून धरतात, त्याने बीपी क्षणात खूप चढतं. ओढताना तोंडाने हळू श्वास सोडत राहा. हर्निया असलेल्यांनी, ऑपरेशन झालेल्यांनी सुद्धा, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काम करायचंच नाही. मध्येच छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, असं काही झालं तर हत्यार खाली, १०८ ला फोन. "खांदा लचकला असेल" म्हणून बसून राहू नका. फोन खिशात हवा, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही.

काम सकाळी करा, अंग थोडं मोकळं करून. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली अजिबात नको.

खोपटचा_फोरमन

ताईंनी सोन्यासारखं लिहिलंय.

त्याला धरूनच, गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) उचललेली असताना हबच्या नटाला जास्त टॉर्क देऊ नका. आडवा ओढा लागला की गाडी घोडीवरून सरकू शकते. चाक लावा, मधली टोपी काढा, गाडी जमिनीवर उतरवा, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे, कोणीतरी ब्रेक दाबून, मग नट कसा. क्रँक पुलीला गाडी उचलावीच लागते, तिथे निदान मजबूत घोड्या दोन्ही बाजूंना, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि आधी गाडीला हाताने जोरात हलवून बघा, हलली तर मांडणी परत. म्हणून सुद्धा मल्टिप्लायर बरा, १५ किलोच्या ओढीने गाडी हलत नाही, ३७ किलोच्या हिसक्याने हलते.

कळवा_खाडी

बोल्टच्या आट्यांना ऑइल लावायचं का नाही? मी कायम लावतो, गुळगुळीत बसतो आणि जोर पण कमी लागतो.

रबाळे_टूलरूम

दादा इथेच घोळ होतो. आपण जो टॉर्क देतो त्यातला ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला फक्त १० टक्क्यांच्या आसपास उरतो. आपल्याला हवा असतो तो ताण, टॉर्क नाही. ऑइल लावून घर्षण कमी केलंत आणि आकडा कोरड्या बोल्टचाच ठेवलात तर ताण खूप वाढतो, बोल्ट तुटू शकतो नाहीतर ब्लॉकचे आटे निघून येतात. उलट मॅन्युअलने ऑइल सांगितलंय आणि तुम्ही गंजलेला कोरडा बोल्ट कसलात तर क्लिक होतो पण बोल्ट ढिलाच. तेव्हा मॅन्युअल सांगेल तसं. ऑइल सांगितलं असेल तर आट्यांना आणि डोक्याखाली, दोन्हीकडे, पातळ.

पावसाळ्यात आपल्याकडे खाडीच्या हवेने सुटे ठेवलेले बोल्ट आठवड्यात लाल होतात, तारेच्या ब्रशने आटे साफ केल्याशिवाय लावू नका. आणि हेडच्या बोल्टची भोकं बंद तळाची असतील तर आत साचलेलं ऑइल, कूलंट पूर्ण काढा. द्रव दाबला जात नाही, बोल्ट खाली जाताना तो ब्लॉकला तडा देऊ शकतो. म्हातारा असो तरुण असो, हा खर्च कोणालाच परवडत नाही.

पाचपाखाडीकर

हेडच्या बोल्टवर एक शंका अनेकांनी मेसेज करून विचारली म्हणून इथेच लिहितो. आजकाल बऱ्याच इंजिनात टॉर्क अधिक अँगल असतो, उदाहरणार्थ आधी ३० न्यूटन मीटर, मग ९०°, मग परत ९०°. हे बोल्ट मुद्दाम त्यांच्या ताणाच्या हद्दीपर्यंत नेलेले असतात, त्यामुळे बहुतेक कंपन्या परत वापरू नका म्हणतात, नवीन सेट घ्या.

आपल्या वयाच्या माणसासाठी यात एक सोय लपलेली आहे. अँगलच्या टप्प्यात हँडलवर काही मोजायचं नसतं, माप कोनाचं असतं. म्हणजे तिथे साध्या ब्रेकर बारवर (गोटी लावायचा नुसता लांब दांडा) लांब पाइप खुशाल चालतो! टॉर्क रेंच बाजूला ठेवायचा, बोल्टच्या डोक्यावर आणि समोर हेडवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचा, डोक्यावर दिवा लावायचा, आणि ठिपका पाव वेढा जाईपर्यंत संथ ओढायचं. कोन बोल्टवर बघायचा, हँडलवर नाही, कारण लांब एक्स्टेन्शन पिळतो. क्रम मॅन्युअलप्रमाणे, सहसा मधून बाहेर, आणि सगळे बोल्ट एका टप्प्यावर आणल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. मी एका टप्प्यानंतर चहा घेतो. घाई कसली आहे?

घोडबंदर_रायडर

एक प्रश्न, माझ्या आजोबांच्या जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे केजी-मीटरमध्ये आहेत आणि माझ्या रेंचवर न्यूटन मीटर आणि फूट पाउंड. कसं बघायचं?

खोपटचा_फोरमन

केजी-मीटरला ९.८ ने गुणा की न्यूटन मीटर. फूट पाउंडला १.३६ ने. म्हणजे तुमचा १० केजी-मीटर हा ९८ न्यूटन मीटर, नाहीतर ७२ फूट पाउंड. रेंचवर दोन आकडे शेजारी छापलेले असतात आणि बारीक असतात, चष्मा लावून, उजेडात, दोनदा वाचा. काम झालं की रेंच सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, शून्याच्याही खाली पिळायचा नाही. त्याने बोल्ट खोलायचा नाही, पडला तर तपासून घ्यायचा. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात कॅलिब्रेशन (रेंचचं माप तपासून जुळवणं) करून देतात. नवीन घ्यायचा तर मुंबईत नागदेवीच्या हत्यारबाजाराला चक्कर मारा, पण सोबत कॅलिब्रेशनचा कागद मागा.

ऐरोलीची_लेक

माझे बाबा ७१ चे आहेत, बीपीची गोळी चालू, आणि येत्या रविवारी स्वतःच पुलीचा बोल्ट कसणार म्हणून हट्ट धरून बसलेत. आई घाबरलीय. मी त्यांना थांबवू का? थांबवलं तर फार नाराज होतील, ती गाडी म्हणजे त्यांचा जीव आहे.

नेरूळची_फिजिओ

ताई, आधी बीपी मोजा, सकाळचं रीडिंग बघा, आणि डॉक्टरांना एक फोन करून जोराचं काम चालेल का विचारा. हो म्हणाले तर थांबवू नका, पण एकटं सोडू नका. आणि त्यांना ओढू द्यायचं असेल तर हँडलवरचा भार आधी कमी करून मगच.

पाचपाखाडीकर

बाबांना करू दे, फक्त मांडणी बदलू. सगळी जुळवाजुळव त्यांचीच, बोल्ट साफ करणं, बोटांनी बसवणं, मॅन्युअल वाचणं, रेंच सेट करणं. घोडी आणि ठोकळे तुम्ही दोघं मिळून तपासा. शेवटची ओढ तुम्ही दिलीत तरी चालेल, क्लिक त्यांनी ऐकायचा आणि बास म्हणायचं, वर्कशॉपमध्ये मोठा मेस्त्री हेच करतो.

माझा मल्टिप्लायर शनिवारी घेऊन जा, ठाणे स्टेशनला पश्चिमेला भेटू. सोबत काळी सहा कोनी गोटी आणि अर्ध्याचं पाऊण करायचं अडॅप्टर पण देतो, बोल्टचा साइज आणि मॅन्युअलमधला आकडा बाबांना विचारून मला मेसेजमध्ये कळवा. किती टॉर्कला रेंच कितीवर ठेवायचा तो तक्ता पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. तो आधी वाचायला सांगा, आणि लाल पायाजवळ कोणाचाच हात नको.